कण्यावरची दोन अक्षरं

कालिपा एजे आमच्या प्रकाशनात एकोणतीस वर्षं होत्या, बिश्केकला फ्रुंझे म्हणत तेव्हापासून. त्यांच्या सहीशिवाय एकही मुखपृष्ठ छापखान्यात जात नसे. मी तिथं प्रूफं तपासायची. पुस्तकाची आतली पानं माझी आणि बाहेरचं कातडं त्यांचं, अशी आमची वाटणी होती. वयानं मोठ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात. त्यांना तर संचालकसुद्धा एजेच म्हणायचे.

मुखपृष्ठ बघायची त्यांची रीत ठरलेली होती. नमुना भिंतीला टेकवायचा, आपण खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि डोळे बारीक करायचे. मग नमुना उलटा करून पुन्हा बघायचा. उलट्या कागदावर अर्थ कळत नाही, नुसतं वजन कळतं, असं त्या म्हणायच्या. अक्षरं चित्रात बसलीत की वरून चिकटवलीत, तेही तिथंच समजतं. ही रीत इतकी जुनी होती की अलीकडे त्या नमुन्यापासून जास्तच लांब उभ्या राहतात, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या वर्षी वसंतात डोंगराकडच्या आत-बाशी गावाहून ऊलकान नावाच्या निवृत्त शिक्षिका चार वह्या घेऊन आल्या. त्यांची आई मयताच्या घरी शोकगीतं म्हणायची. पंचक्रोशीत कुणी गेलं की तिला बोलावणं यायचं. ती आदल्या वर्षी वारली. लेकीनं तिची गाणी उतरवून ठेवली होती, आणि पुस्तकाचं नाव दिलं होतं ‘माझ्या आईचा आवाज’. आईच्या वर्षाच्या जेवणाला, शनिवारी, चाळीस प्रती पाहुण्यांना द्यायच्या, एवढीच त्यांची मागणी होती.

वह्या मी वाचल्या. शेवटच्या वहीत एक पान गाण्याचं नव्हतं. युद्धाच्या काळात सामुदायिक शेतावरून दोन वाडगे पीठ घरी आणलं म्हणून आईला सात महिने तुरुंगात ठेवलं होतं. सुटून आल्यावरही गावात तिचं नाव ‘पीठवाली’च राहिलं. लोक मयताला बोलवायचे आणि पाठीमागे तेच नाव घ्यायचे.

मुखपृष्ठ मेदेर करत होता. हुशार पोरगा, पण घाईचा. त्याच्या पहिल्या नमुन्यावर मावळता सूर्य, तंबू आणि घोड्यावर गरुड घेतलेला शिकारी होता.

“हिच्या आईकडे गरुड होता का रे?” एजेंनी विचारलं.

“नाही, एजे.”

“मग हा इथं कशाला बसलाय? कुणाला खायला?”

दुसऱ्या नमुन्यावर एका सुरकुतलेल्या म्हातारीचा सुंदर फोटो होता, इंटरनेटवरून घेतलेला. एजे तो घेऊन खिडकीशी गेल्या आणि नाकापासून चार बोटांवर धरून बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना मी इतक्या जवळून काही बघताना प्रथमच पाहिलं. मला चमकल्यासारखं झालं, पण मी बोलले नाही. त्या गप्प बसण्याचं ओझं अजून माझ्यावर आहे.

“या रुमालाची गाठ आपली नाही,” त्या म्हणाल्या. “कुणाची तरी आई आहे ही, पण ऊलकानची नाही.”

“खरा फोटो ओळखपत्रावरचा आहे, एजे. काडेपेटीएवढा. मोठा केला की फुटतो.”

“मग मोठा करू नकोस. आहे तेवढाच खाली कोपऱ्यात ठेव. बाकी सगळी जागा अक्षरांना दे.”

तसंच ठरलं. गडद तपकिरी जमीन, वर पांढरी ठसठशीत अक्षरं आणि खाली तो इवलासा चेहरा. मेदेरनं निवडलेला फॉन्ट देखणा होता, पण रशियन होता. आमच्या भाषेत ‘उ’ची दोन अक्षरं आहेत, एकाची शेपटी तिरपी आणि दुसऱ्याची सरळ, खुंटीसारखी. रशियन फॉन्टमध्ये फक्त तिरपी असते. आणि सगळी गोम तिथंच होती, कारण सरळ शेपटीनं लिहिलं की ‘आवाज’ आणि तिरप्या शेपटीनं लिहिलं की ‘पीठ’. पुस्तकाच्या नावात हे सरळ शेपटीचं अक्षर दोनदा येत होतं; एजेंनी दर्शनी बाजूची ती दोन्ही अक्षरं स्वतः हातानं काढून दिली. मंगळवारी दुपारी मोठा कागद आला, मलपृष्ठ, शिवणीवर येणारा अरुंद कणा आणि दर्शनी बाजू एकत्र असलेला. त्यांनी तो भिंतीला टेकवला, लांबून पाहिला आणि सही केली.

बुधवारी जेवायला बसलो होतो. लाग्मानचा, रश्शातल्या शेवयांचा, वाडगा पुढे तसाच ठेवून एजेंनी विचारलं, “नुरझात, कण्यावरचं नाव तू वाचलंस का?”

“मी? नाही, एजे. मुखपृष्ठ तुमच्याकडे असतं ना.”

“हो. माझ्याकडेच असतं.” त्यांनी चमचा खाली ठेवला. “कण्याची अक्षरं मी काढून दिली नव्हती. दर्शनी बाजूचीच दिली होती.”

मी मेदेरला हाक मारली. कण्यावर काय केलं होतं ते त्याला आठवेना. “फॉन्टनंच टाकलं असेल,” असं म्हणाला. छापखान्याला फोन लावला तर लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. एजे कोट न घालताच जिना उतरल्या. मी त्यांचा कोट घेऊन मागे धावले.

मार्श्रुत्कात, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या बसमध्ये, बसायला जागा नव्हती. त्या दांडीला धरून उभ्या होत्या आणि ओठांतल्या ओठांत काही तरी मोजत होत्या. नंतर कळलं, त्या मंगळवारची प्रत्येक हालचाल पुन्हा आठवून बघत होत्या. कागद उचलला, टेकवला, मागे सरकले, उलटा केला. त्यात कणा कुठं येतो? तो कुठंच येत नव्हता. लाल दिव्याला गाडी थांबली की त्यांची बोटं दांडीवर आवळायची. मलाही ते वहीतलं पान आठवत होतं. चाळीस पाहुणे, तेच गाव, आणि हातातल्या पुस्तकावर ‘माझ्या आईचं पीठ’.

छापखान्यात गेन्नादी नावाचा जुना मशीनवाला होता. सातशे मुखपृष्ठं छापून, वर चकचकीत पापुद्रा चढवून, त्यानं चळत लावून ठेवली होती.

“वेळेआधी दिलं बघा,” तो कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला.

एजेंनी वरचा कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला, दिव्याखाली धरला, मग दिव्यापासून दूर नेला. पापुद्र्यावर उजेड फुटत होता. शेवटी त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

“वाच,” त्या म्हणाल्या. “मला दिसत नाही.”

मी वाचलं. दोन्ही शेपट्या तिरप्या होत्या.

“पीठ?” त्यांनी विचारलं.

“पीठ.”

गेन्नादीनं मान वाकडी करून पाहिलं. “मला तर दोन्ही एकच दिसतात बुवा. एवढ्याशा रेघेचं काय घेऊन बसलात?”

एजे चळतीच्या कडेला टेकल्या. “किती दिवसांपासून?” मी हळूच विचारलं. “दोन हिवाळे झाले,” त्या म्हणाल्या. “आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. मग डॉक्टर मोतीबिंदू म्हणाला. मग वाटलं, सांगितलं तर सही काढून घेतील.”

ऑफिसात परतलो तेव्हा मेदेर दारातच उभा होता, चेहरा पांढराफटक. “एजे, कण्याकडे कोण बघतंय? शनिवार जाऊ दे. पुढच्या वेळी सुधारू.”

“कपाटात उभं केल्यावर पुस्तकाचा कणाच तेवढा दिसतो, मेदेर. बाकी काही दिसत नाही. घरात तीस वर्षं तो तसाच दिसणार.”

त्या सरळ संचालकांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं. चूक सांगितली, डोळ्यांचंही सांगितलं. संचालक शाम्शिबेक बायके, म्हणजे आमचे शाम्शिबेकदादा, आवाज चढवणारे गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांनी आवाज चढवला नाही. सातशेच्या सातशे रद्द करा म्हणाले. नवी मुखपृष्ठं मात्र मंगळवारशिवाय मिळणार नव्हती.

गुरुवारी सकाळी ऊलकान आल्या. एजेंनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही, आधी तो कागद पुढे ठेवला. ऊलकाननं कण्यावरून बोट फिरवलं. फळ्यापुढे आयुष्य काढलेली बाई, तिला वाचून सांगावं लागलं नाही.

“हे गावात नेता येणार नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही नेता येणार. चूक माझी आहे. मी न बघता सही केली.”

“तुम्ही पान वाचलं होतं का? शेवटच्या वहीतलं?”

“ऐकलं होतं,” एजे म्हणाल्या. “नुरझातनं वाचून दाखवलं होतं.”

ऊलकाननं कागदाची घडी घालून तो बाजूला सारला. आता त्या उठून जातील, वह्याही मागतील, असं मला वाटलं. मग त्यांनी विचारलं, “आतली पानं तयार आहेत ना?” आतली पानं शिवून तयार होती. “मग मुखपृष्ठाशिवाय न्यायचं का? उघडं?”

“उघडं नाही न्यायचं,” एजे म्हणाल्या. “उद्या दुपारपर्यंत थांबा.”

त्या फ्रुंझेच्या कला विद्यालयात ब्रशनं अक्षरं काढायला शिकल्या होत्या, तेव्हा दुकानांच्या पाट्यासुद्धा हातानंच रंगत. त्यांनी जाड तपकिरी कागद मागवला. मी पट्टीनं पुस्तकाभोवती गुंडाळायची वेष्टनं आखली, मेदेरनं कापली. एजेंनी पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला आणि मान मागे नेऊन, जवळजवळ न बघता, खांद्यातून हात फिरवत नाव लिहिलं. अक्षरं बोटभर उंचीची. कणा कोरा ठेवला.

“वाच,” प्रत्येक वेष्टनानंतर त्या म्हणायच्या.

मेदेर वाचायचा, “आवाज.”

“शेपटी?”

“सरळ, एजे.”

काही वेळा तो अडखळायचा. तेवढ्यानं त्यांचा हात हवेतच थांबायचा. अकरा वेष्टनं बाद झाली, रंग ओघळला किंवा ओळ घसरली म्हणून. पस्तिसाव्याला त्यांचं मनगट आखडलं. मी म्हटलं, उरलेली मेदेर काढेल. त्या नाही म्हणाल्या, मनगट गरम पाण्यात धरून बसल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. शुक्रवारी तीन वाजता चाळीस पूर्ण झाली. ऊलकाननं वेष्टनं घातलेली पुस्तकं मोजत नव्हे, तर एकेकाचं नाव वाचत पिशवीत भरली. जाताना एजेंचा हात धरला, पण ‘असू दे’ वगैरे काही म्हणाल्या नाहीत. ते मला बरं वाटलं.

शनिवार आमचा वाईट गेला. एजेंनी मला दोनदा फोन केला, “मेदेरनं सगळी नीट वाचली ना?” सोमवारी ऊलकानचा फोन आला. जेवण पार पडलं. पुस्तकं वाटली. कुणी काही बोललं नाही, आणि आमच्या गावात कुणी काही न बोलणं म्हणजे पुष्कळ झालं, असं त्या म्हणाल्या.

एजेंच्या सहीचा अधिकार त्या महिन्यात माझ्याकडे आला. त्यांनीच लिहून दिलं. शरदात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आठवड्याभरात त्या ऑफिसात आल्या आणि गेल्या दोन वर्षांत सही केलेली सगळी पुस्तकं टेबलावर मांडायला लावली. कणे आम्ही दोघींनी मिळून वाचले. अक्षराची चूक आणखी सापडली नाही. पण एका मेंढपाळ कवीच्या संग्रहापाशी त्या थांबल्या.

“हे असं निळं होतं?”

“असंच होतं, एजे.”

“मला राखाडी दिसायचं. पावसाळी आभाळासारखं.” त्यांनी पुस्तक उपडं ठेवलं. “हे तर दुकानातल्या बादलीसारखं आहे.”

त्यांनी त्या कवीला पत्र लिहून माफी मागितली. त्याचं उत्तर आलं, मला निळंच आवडतं, बायकोलाही. पत्र त्यांनी मला वाचायला दिलं.

“झालं ना मग?” मी म्हटलं.

“त्याला आवडलं म्हणून ते बरोबर होत नाही, नुरझात,” त्या म्हणाल्या, आणि टेबलावर अजून मांडून ठेवलेल्यांतलं पुढचं पुस्तक उचलून, लांबून बघायला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून आल्या.