कोयत्याच्या मुठीपायी पुणं गाठलं

ऊस तोडताना माझ्या कोयत्याचं पातं मुठीतून निसटलं आणि कारभारणीच्या कानाजवळून सूं करत गेलं. त्या दिवसापासून ती माझ्या शेजारी मोळ्या बांधायला उभी राहीना. मी या टोकाला, ती पार त्या टोकाला. अहो, आमचा अर्धा ऊस गप्पांवर तुटतो! दोन दिवसांतच जीव विटला. म्हटलं, पुण्याला जाऊन पक्की मूठ बसवून आणतो.

"मी बी येती," ती म्हणाली. "तुमचा काय भरवसा न्हाई."

वाघोलीहून पुणं पाच कोस. पहाटे निघालात तर ऊन तापायच्या आत पोचाल. पौषात येरवड्याच्या उताराला नदीत गुडघाभरच पाणी असतं. नावाडी "पाय घसरंल, बुडाल" म्हणून भीती घालतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. भाकरी घरूनच बांधून न्या. आणि दसऱ्याच्या आधी लोहाराकडे चुकूनही जाऊ नका. तेव्हा श्रीमंतांची फौज मोहिमेवर निघायची असते, तलवारी-भाल्यांपुढे आपल्या कोयत्याला कोण विचारतो! आता फौज बाहेर, लोहार निवांत.

कसब्यातल्या लोहाराने कोयता हातात घेऊन हलवला.

"रात्री पाण्यात ठेवता वाटतं?"

"तर! लाकूड फुगतं, मूठ घट्ट बसते," मी ऐटीत सांगितलं.

"उत्तम. सकाळी फुगतं, दुपारी सुकतं, आणि आतली शेपटी गंजते ती वेगळीच. आपण आणखी चार दिवस थांबला असतात, तर दुसरी बायकोच शोधावी लागली असती."

कारभारीण पदर तोंडाला लावून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पात्याचा जो निमुळता भाग मुठीत जातो, ती शेपटी. आमची जेमतेम चार बोटं होती. त्याने तीन कोयते पुढे टाकले. पहिल्याचं लोखंड मुठीएवढंच रुंद, शेवटपर्यंत गेलेलं, दोन्ही अंगांना लाकडाच्या पट्ट्या खिळ्यांनी जडलेल्या. मोडायचं नाव नाही, पण जड. मी नुसते चार वार केले तर मनगटाला झिणझिण्या आल्या. दुसऱ्याला लोखंडाची नळी, तिच्यात दांडा ठोकायचा. कुठलंही लाकूड चालतं, पण सैल झालं की पुन्हा आमचीच कथा. तिसऱ्याची शेपटी बारीक, मुठीतून आरपार जाऊन मागे ठोकून वळवलेली. हलका, आणि पातं निसटायची सोयच नाही. मात्र मूठ फुटली तर गावात काम होणार नाही, परत लोहारच गाठायचा.

मला पहिला आवडला. काय रुबाब होता त्याचा!

"दिसभर ऊस तोडायचा हाय, लढाई न्हाई करायची," कारभारीण म्हणाली. "तिसऱ्यावाणी करा."

आमच्याच पात्याला लांब शेपटी जोडून बाभळीची मूठ बसवायचं ठरलं. "तुम्ही फुटाणे आणा, मी बसती हितं," असं म्हणून तिने मला पिटाळलं. एका शिवराईत दोघांना पुरतील एवढे गरम फुटाणे मिळाले. पुण्यात ते अवश्य खा. येईपर्यंत मूठ तयार होती, दिवेलागणीला आम्ही घरी.

सकाळी फडात कोयता धरला आणि डोकंच फिरलं. मूठ बारीक! माझी बोटं तळव्यात रुतायला लागली.

"लोहाराने माप चुकवलं गं!"

"न्हाई चुकवलं. तुम्ही फुटाण्याला गेलता तवा मी माझ्या हाताचं दिलं."

तिने पदर खोचला आणि कोयता माझ्या हातातून काढून घेतला.

"मोळ्या तुम्ही बांधा. आन् लांब नगं, हितंच शेजारी."

उभा राहिलो. मूठ पक्की आहे हे डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी पहिल्या वाराला अंग चोरलं.

"भ्याला व्हय?"

"भ्यालो," मी कबूल केलं.

"मंग झालं तर," ती पुढचा ऊस धरत म्हणाली. "बोला की आता. लई दिस गप बसलाय."