हीटर लावून सांगलीला

आप्पांच्या गाडीचं इंजिन जपानी घडणीचं. पेट्रोलचं, आठशे सीसीला जरासं कमी, तीन सिलिंडरचं. तीन सिलिंडर म्हटल्यावर उभ्या गाडीत थरथर ही आलीच. पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं, काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं, ते इंजिन तसंच आहे. आप्पा म्हणजे माझे वडील. ते लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करून निवृत्त झाले आणि गावी, औंधला परत आल्यावर त्यांनी ही गाडी जुनीच विकत घेतली. त्यांच्या हिशेबानं ती नंतर कधी जुनी झालीच नाही.

या इंजिनाची दुखणी ठरलेली आहेत. पावसाळ्यात ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते आणि सकाळी गाडी हटून बसते. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकतो. वरच्या झाकणाच्या कडेनं ऑइल पाझरतं. ही सगळी परवडणारी दुखणी. न परवडणारं एकच, ते म्हणजे तापणं. हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, ॲल्युमिनियमचं असतं. ते फार तापलं की वाकडं होतं, खालचं, पाणी अडवून धरणारं गॅस्केट जातं, पाणी ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. "येकदा चा झाला, की खेळ खलास," आप्पा म्हणायचे. मला गाडी शिकवताना त्यांनी गिअरच्या आधी तापमानाचा काटा शिकवला.

त्यांनी गाडीला मुद्दाम हीटर बसवून घेतला होता. आमच्याकडं उन्हाळ्यात दुपारी कुत्रं रस्त्यावर येत नाही, आणि हा माणूस हीटर बसवतो, म्हणून गावानं त्यांची यथेच्छ टर उडवली. आप्पांनी समजावून सांगितलं. हीटर म्हणजे गाडीच्या आतला छोटा रेडिएटर. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा ती गरमी आत सोडतो. इंजिन तापायला लागलं की हीटर लावायचा आणि त्याचा थोडा ताप आपण अंगावर घ्यायचा. गावानं सगळं ऐकून घेतलं आणि टर चालू ठेवली.

माझं लग्न औंधलाच झालं, मे महिन्यात. सासर सांगलीचं, विश्रामबागेतलं. सासूबाईंनी नवरानवरीसाठी एसीची मोठी गाडी आणली होती. आप्पा अडून बसले. लेक सासरी जाणार ती आपल्याच गाडीतून. सासूबाईंनी त्या छोट्या गाडीकडं आणि तिच्या थरथरीकडं बघून सगळ्यांसमोर विचारलं, "पोहोचेल ना हो ही सांगलीपर्यंत?"

आप्पांचे कान लाल झालेले मला मुंडावळ्यांच्या आडूनही दिसले. "विहीणबाई, तुमीच बसा की तिच्यात," ते म्हणाले. "आन् पोचल्यावर मला फोन करून सांगा."

त्यामुळं आम्ही चौघं त्या गाडीतून निघालो. नवरा गाडी चालवायला, त्याच्या शेजारी मी, मागं सासूबाई आणि माझी पाठराखीण म्हणून आत्या. वाटेत गाडी बंद पडली असती तर आप्पांना व्याह्यांकडं पुन्हा ताठ मानेनं जाता आलं नसतं. नव्या घराची काळजी मला होतीच, पण ती सांगलीत गेल्यावर करता येण्यासारखी होती. तूर्त माझी नजर काट्यावर होती.

पुसेसावळी मागं पडली आणि काटा अर्ध्याच्या वर सरकला. कारण माझ्या लगेच लक्षात आलं. चुलत भावंडांनी हौसेनं गाडी सजवली होती आणि झेंडूची जाडजूड चादर पुढच्या जाळीवर गच्च बांधली होती. रेडिएटरला वाराच लागत नव्हता. मी डोळे पुसले आणि नवऱ्याशी लग्नानंतरचं पहिलं वाक्य बोलले. "अहो, हीटर लावा."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू स्थळ बघताना काही चौकशी राहून गेली होती. मग मीच हात पुढं करून हीटरची दांडी शेवटपर्यंत ओढली आणि पंखा पूर्ण सोडला.

अंगावर शालू, दागिने, वरून शेला, आणि समोरून तो झोत. गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं बसल्यासारखं झालं. नवऱ्यानं फेटा काढून मागं दिला. "आगं, भाजून काढतीस का काय आमास्नी?" आत्या कळवळली. मी कारण सांगितलं.

"मग फुलं काढून टाका की," सासूबाई म्हणाल्या.

"आवं, काय बोलताय!" आत्या एकदम सरळ बसली. "नवरीच्या गाडीची फुलं घर यायच्या आदी काढत न्हाईत."

सासूबाई पदरानं वारा घ्यायला लागल्या. काटा लाल रेघेच्या अलीकडं थांबला, पण खाली येईना. कडेगावच्या पुढं चढ लागला आणि तो रेघेला टेकला.

"थांबव रे गाडी," सासूबाई म्हणाल्या. संपलं, असं मला वाटलं. त्यांची एसी गाडी मागून येतच होती. "इंजिन बंद करू नका, पाणी फिरत राहू दे," मी नवऱ्याला कसंबसं सांगितलं. सासूबाई उतरल्या, गाडीच्या पुढं गेल्या, पैठणीचा पदर खोचला आणि झेंडूची चादर ओरबाडून काढली. आत्यानं खिडकीतून आरडाओरडा केला.

"घर माझं आहे," सासूबाई म्हणाल्या. "फुलं कुठं उतरवायची ते मी ठरवणार."

तेवढ्यात एसी गाडी शेजारी येऊन थांबली. काच खाली करून कुणीतरी विचारलं, "काय, पडली का बंद?"

"बंद कशाला पडतेय?" सासूबाईंनी सुनावलं. "फुलं सुकली होती. व्हा तुम्ही पुढं." त्या बाईवर माझा जीव जडला तो तिथं, त्या चढावर.

पलूस येईपर्यंत काटा जागेवर आला. तरी मी हीटर बंद केला नाही. माझा अजून भरवसा नव्हता. सांगलीत दारात उतरले तेव्हा कुंकू ओघळून नाकापर्यंत आलं होतं आणि शेजारच्या बायका म्हणत होत्या, किती रडली बिचारी.

मी माप ओलांडायच्या आधी सासूबाईंनी फोन लावला. "पोहोचलो हो. गाडी उत्तम आहे तुमची. काही म्हणजे काही त्रास नाही." आणि फोन माझ्या हातात दिला. कशी आहेस, असं आप्पा विचारतील असं मला वाटलं होतं.

"काटा कुठं हाय?"

"अर्ध्यावर, आप्पा."

"गाडी वळली तवा बघितली मी जाळीवरची ती फुलं," ते म्हणाले. "पर निघालेल्या लेकीला माघारी हाक मारत न्हाईत गं."

सासरच्या उंबऱ्यापुढं, सगळ्यांदेखत, मी हमसून हमसून रडायला लागले. आप्पांनी ते ऐकून घेतलं.

"हीटर बंद कर आता," ते म्हणाले. "पोचलीस तू."