मागच्या रांगेतले आबाजी

मला सावरलं ते उंद्रीच्या चक्कीवाल्या आबाजींनी, हे आधी सांगते. मी लग्न होऊन कोकणातून इथे आले, शाळा पाचवीतच सुटलेली. आबाजींच्या भुवयांवर कायम पीठ असतं. चक्कीच्या आवाजामुळे ते साधं बोलणंही ओरडून बोलतात, आणि पीठ चिमटीत चोळून पाहिल्याशिवाय कुणाचा डबा देत नाहीत.

शाळेच्या माता गटात, म्हणजे आळीपाळीने वर्ग घेणाऱ्या आयांच्या गटात, माझी पाळी आली. शनिवारी पहिलीच्या मुलांकडून यमक जुळणारे शब्द आणि त्यांचे अर्थ म्हणून घ्यायचे होते. माझी मुलगी त्याच वर्गात. मी चुकले तर तिला सगळे चिडवतील, अशी धास्ती मी दळण देताना आबाजींना हळूच सांगितली.

"काऊन घाबरून राह्यली वं पोरी? पोट्टे काय तुले खातेत?" ते ओरडले. अख्ख्या रांगेला कळलं.

त्या शनिवारी ते चक्की बंद करून वर्गात मुलांच्या मागे येऊन बसले. मी चाळणी आणि गाळणी दाखवून अर्थ विचारला. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मी चाळणी पुन्हा उचलून दाखवली. तेवढ्यात आबाजींनी हात वर केला. "चाळणीनं चहा गाळतेत!"

"काहीही काय, आबाजी! चाळणी पिठाची, गाळणी चहाची!" माझी मुलगी सगळ्यांच्या वर ओरडली. "जलमभर पीठ दळता अन् इतकंबी माहीत नाही?"

आबाजींनी कान पकडले. मग साडी, गाडी, पळी, नळी, मुलं थांबेचनात.

त्यांची नात पुढच्या वर्षी पहिलीत येईल. ती बोलताना अडखळली, तर मागच्या रांगेत मी असेन आणि लागेल तितकं चुकेन.