खिडकी उघडून दिली तीही तिनेच

मंडळी, दुपारचं ताट तसंच झाकून ठेवलं आणि इथे लिहितेय.

मी रत्नागिरीत घरून काम करते, आमचा सर्व्हर पुण्याला. सकाळी साहेबांचा मेल आला : कर्मचाऱ्यांच्या यादीत खूण केलेल्यांचं लॉगिन बारापर्यंत बंद करा. एसएसएचने, म्हणजे घरूनच दूरच्या जोडणीने, सर्व्हरवर शिरले, यादीचा प्रोग्रॅम सुरू केला, पण त्याची खिडकी माझ्या स्क्रीनवर येईचना. 'डिस्प्ले उघडता येत नाही', एवढंच. तासभर डोकं आपटलं.

शेवटी सवयीने सावर्ड्याच्या नीलमताईला फोन लावला. ती आमच्याच टीममधली, मला हे काम तिनेच शिकवलं.

"कुठला प्रोग्रॅम गो?" तिने विचारलं. मी सांगितलं.

"आधी स्वतःच्या नावाने शिरलीस आणि आत जाऊन अ‍ॅडमिन झालीस ना? खिडकी दाखवायची परवानगी तुझ्या नावाला आहे, अ‍ॅडमिनला नाही. बाहेर पड आणि पहिल्यापासून अ‍ॅडमिन म्हणूनच जा."

तसं केलं. खिडकी हळूहळू उघडली. खूण केलेलं तिसरं नाव तिचं होतं.



"दिसलं ना?" तीच म्हणाली. "मला कालच कामावरून काढल्याचं पत्र आलं. आधी माझ्या फाइली उतरवून घे, तुला लागतील. मग कर बंद."

फाइली उतरेपर्यंत तिने फोन ठेवला नाही. मग मी बटण दाबलं.

पुढच्या वेळी खिडकी उघडली नाही, तर कुठल्या तोंडाने तिला फोन करू, सांगा.