सिकेलाचा खांब

माझा नवरा सिकेला रेफरी आहे. हे मी कोणाला अभिमानाने सांगत नाही. घरात कुत्रा चावरा असला की आधीच सांगून ठेवावं, तसं सांगते.

आमच्या तुवालूत बेटं नऊ आणि माणसं दहा-अकरा हजार. त्यातली अर्ध्याहून जास्त इथे फुनाफुतीवर येऊन राहिलेली, प्रत्येक बेटवाल्यांचं सभाघर वेगळं. आमच्याकडे युद्ध नाही, दरोडे नाहीत, निवडणुकीत पक्षसुद्धा नाहीत. भांडायला उरतो तो फुटबॉल. जगाच्या फुटबॉलवाल्यांनी आम्हाला अजून दाराबाहेरच उभं केलंय, तेव्हा जे काही दातओठ खायचे ते एकमेकांवरच. बेटाबेटांच्या सामन्यांत जे हरतात त्यांच्या बायकांना वर्षभर मासळी घ्यायला गेलं तरी टोमणे ऐकावे लागतात. मी ऐकलेत, आणि दिलेतही. अशा देशात रेफरी परका कुठून आणायचा? ज्याच्याविरुद्ध शिट्टी वाजेल तो कोणाचा तरी मेहुणा असतोच, आणि बरेचदा आपलाच.

तरुणपणी सिकेला स्वतः खेळायचा. म्हणजे मैदानात असायचा. त्याच्या पायाशी चेंडू आला की तो थांबून आपणच हात वर करायचा, की मी ऑफसाइड आहे. दुसऱ्या हंगामात त्याला कोणी घेतलं नाही. मग आमच्याकडच्या पोरांसारखा तोही परदेशी मालबोटींवर खलाशी म्हणून गेला. तिथे डेकवर खलाशांचे सामने व्हायचे आणि भांडणं मिटवायला कोणीतरी लागायचं. हा लागला. बाकीच्यांनी येताना बायकांसाठी शिवणयंत्रं आणली. माझा नवरा शिट्टी घेऊन आला.

तेव्हापासून दिवसा धक्क्यावर माल उतरवतो आणि संध्याकाळी शिव्या खातो. मैदान धावपट्टीला लागूनच. विमान येताना भोंगा वाजला की धावपट्टीवर खेळणारी पोरं, कुत्री, मोटारसायकली, सगळे निमूट बाजूला होतात. माझ्या नवऱ्याच्या शिट्टीला मात्र कुत्रंसुद्धा भीक घालत नाही.

तर या वर्षीचा अंतिम सामना. एका बाजूला आमचं बेट, दुसऱ्या बाजूला दक्षिणेकडचे, ज्यांच्याशी आमचं आजोबांच्या काळापासून जमत नाही. शेवटच्या मिनिटाला सिकेलाच्या सख्ख्या भावाच्या मुलाने, सामुएलुने, गोल केला. आमच्या बायका नाचायलाही लागल्या. सिकेलाने शिट्टी वाजवली आणि स्वतःच्या मनगटावर दोनदा बोटं आपटून दाखवली. चेंडू हाताला लागला होता. गोल रद्द झाला, आणि पुढच्याच चढाईत दक्षिणवाल्यांनी गोल मारून सामना घेतला.

माझ्या शेजारची ओरडली, "फिलोई, तुझ्या नवऱ्याचे डोळे समुद्रात पडले का गं?"

"डोळे आहेत, अक्कल पडली," मी म्हटलं. खरं तेच वाटत होतं.

दुसऱ्या रविवारी आम्ही सभाघरात गेलो. आमच्या सभाघरात प्रत्येक घराण्याचा एक खांब असतो. घरातला कर्ता पुरुष त्याला पाठ टेकून बसतो, तिथूनच त्याला बोलायचा हक्क. खांब नसलेला माणूस मधे चटईवर बसतो, पाहुण्यांसारखा, आणि त्याला कोणी मत विचारत नाही. सिकेलाचा खांब त्याच्या बापाचा, त्याच्या आज्याचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही याच दक्षिणवाल्यांकडून जिंकलेला कप त्याच खांबाजवळच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत. आमचा मुलगा बोटीवर आहे, परत आला की पुढे तिथे तोच बसायचा. त्या दिवशी खांबाशी सामुएलुचा बाप बसला होता.

नेमाया काका म्हणजे सिकेलाचा चुलता, सभाघरातला सगळ्यात मोठा माणूस. तो म्हणाला, "बस की मधे. मधे उभं राहायची सवय आहेच तुला."

सगळे हसले. सिकेला मधे बसला. त्या दिवशी मासळी वाटताना आमच्या ताटात शेपटी आली.

आठवडाभराने नेमाया काकाने निरोप धाडला. शनिवारी सभेत उभं राहून 'मी चुकलो' एवढं म्हण, खांब परत घे. सूर्य डोळ्यांवर आला होता म्हण, वाटेल ते म्हण.

"म्हणून टाक," मी म्हटलं. "दोन शब्द तर आहेत."

"हाताला लागला होता."

"लागू दे ना! बोटीवर तू कप्तानाला खोटं सांगितलं नाहीस कधी?"

"कप्तान खेळत नव्हता."

"मग मुलाला काय सांगू? बाबा, तू आलास की मधे चटईवर बस, तुझ्या बापाला मनगट महत्त्वाचं होतं?"

शुक्रवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "जातो उद्या. चुकलो म्हणतो."

मला इतका आनंद झाला की पहाटेपासून कामाला लागले. खड्ड्यात लावलेला चांगला जुना पुलाका उपटला, तो कंद किसता किसता हात भरून आले, वर घट्ट नारळाचं दूध ओतून मोठं भांडं भरलं. माफीच्या जेवणाला शोभेल असं. सभाघरात इतर भांड्यांच्या ओळीत ते मधोमध ठेवलं आणि नेमाया काकाच्या बायकोकडे बघून हसलेसुद्धा.

सिकेला उभा राहिला. शिट्टी गळ्यातच होती, ती तेवढी घरी ठेवायला मी विसरले होते.

"मी चुकलो," तो म्हणाला.

सभाघरातून हुश्श असा आवाज आला. सामुएलुच्या बापाने तर खांबापासून पाठ सोडवून उठायची तयारी केली.

"दोन वर्षांपूर्वी," सिकेला पुढे म्हणाला, "आपल्याला पेनल्टी दिली ना, तेव्हा. चेंडू त्यांच्या पोराच्या हाताला नव्हता लागला, छातीला लागला होता. मी लांब होतो. तुम्ही सगळे ओरडलात आणि मी शिट्टी फुंकली. तो कप आपला नाही. परत द्यायला पाहिजे. या वर्षी मी चुकलेलो नाही."

असा गिल्ला झाला की बाहेरची डुकरं ओरडायला लागली.

"कप काय तुझ्या बापाचा आहे?" सामुएलुचा बाप ओरडला, दोघांचा बाप एकच हे विसरून.

"कप नाही. खांब आहे," सिकेला म्हणाला.

"होता," नेमाया काका म्हणाला. "आता तुझाही नाही आणि तुझ्या पोराचाही नाही. चालता हो."

सिकेला निघाला. मला त्याचा इतका राग आला होता की त्याच्या टाळक्यात भांडं घालावं. पण पोराचं नाव ऐकलं आणि तो राग तसाच्या तसा उचलून मी दुसरीकडे ठेवला. नेमाया काकाची बायको माझ्या भांड्यात पळी बुडवत होती. मी पळी काढून तिच्या हातात दिली, झाकण लावलं आणि भांडं कमरेवर घेतलं. जेवणात ठेवलेलं कोणी परत उचलत नाही. आमच्याकडे हे असं कोणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

"फिलोई, ठेव ते खाली!" ती किंचाळली.

"ऑफसाइड," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

सिकेला मैदानात गोलाच्या खांबाला पाठ टेकून बसला होता. पाठीला खांब लागतोच मेल्याला.

"शिट्टी इतकी खरी आहे तर काल घरीच सांगायचंस," मी म्हटलं. "एवढा पुलाका किसला नसता मी."

"सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस."

ते खरंच होतं. आम्ही भांड्यात हात घातला. चार घास होतात न होतात तोच धावपट्टीवरून दक्षिणवाले येताना दिसले, सात-आठ जण, पुढे त्यांचा कप्तान. एवढ्याशा बेटावर बातमीला वेळ लागत नाही. मला वाटलं, आभार मानायला येताहेत. मी झग्याला हात पुसून घेतले.

"म्हणजे तुला माहीत होतं," कप्तान सिकेलाला म्हणाला. "दोन वर्षं आम्ही टोमणे खाल्ले आणि तू गप्प बसलास, चोरा?"

सिकेलाने मान खाली घातली. "हो," म्हणाला.

कप्तान बघत होता भांड्याकडे. त्यांनाही मी पुलाका दिला नाही.