उपवासाच्या दळणानंतर

बाळांनो, मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की आजी इतकी बारीक का झाली, तेव्हा मी फोन आजोबांच्या हातात दिला आणि आत निघून गेले. तुम्हाला वाटलं असेल की आजीला रडू आलं. रडू नव्हतं, राग होता. तुमच्यावर नाही, बाकी जवळजवळ सगळ्यांवर. त्या रागाच्या दिवसांत मला जे मिळालं ते लिहून ठेवते आहे, कारण फोनवर सांगताना तुमचे बाबा मध्येच मला काहीतरी समजावू लागतात.

चार वर्षं माझं पोट बिघडलेलं होतं. जेवले की गुडगुड, दिवसातून पाच-सहा वेळा शौचाला जाणं, पायांत गोळे, चढताना धाप. लाखांदूरच्या डॉक्टरांनी आम्लपित्त म्हटलं, भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी वय म्हटलं आणि तिसऱ्याने, माझ्याकडे न बघता तुमच्या आजोबांना सांगितलं की बाई मनाला फार लावून घेतात. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे. माझ्याबद्दल माझ्यासमोर असं तिसऱ्याशी बोललेलं मला चालत नाही. शेवटी नागपूरला एका तरुण डॉक्टरने रक्त तपासलं, दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढला आणि सिलिअॅक असल्याचं सांगितलं. गव्हातल्या ग्लूटेनने माझ्या आतड्याचं अस्तर झिजत होतं. गहू, मैदा, रवा, सातू आयुष्यभर बंद. थोडंसुद्धा नको, असं त्याने दोनदा बजावलं.

मला वाटलं, सुटले. आपण भाताच्या मुलखात राहतो. वरणभात, तांदळाची भाकर, बेसनाचं चून, भाजी, एवढ्यावर माणूस मजेत जगतो. मी स्वयंपाकघर शाळेच्या प्रयोगशाळेसारखं लावलं. माझा तवा वेगळा, पोळपाट वेगळा, डब्यांवर नावं. हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर भिंगाने वाचलं, त्यात गव्हाचं पीठ निघालं, तीही बाहेर. सत्यनारायणाचा शिरा हातात घेऊन कपाळाला लावायचा आणि तुमच्या आजोबांना द्यायचा. त्यावरून शेजारपाजारच्या बाया म्हणू लागल्या की शिकलेल्या बाईला देवाचा प्रसादही चालत नाही. कणभर खाल्ल्याने काय होते, असं मला निदान पन्नास जणांनी ऐकवलं असेल.

आणि सहा महिन्यांनी तपासणी केली तर रिपोर्ट होता तिथेच. वजन आणखी तीन किलो उतरलं होतं. डॉक्टरने कागद बाजूला ठेवला आणि हसत, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "आजी, खरं सांगा. लपून काही खाता का?"

परीक्षेत कॉपी करणाऱ्या किती मुलींना मी पकडलं असेन. त्या दिवशी मी त्या बाकावर होते आणि माझ्याकडे चिठ्ठी नव्हती. तो म्हणाला, तीन महिने अजून बघू. तरीही असंच राहिलं तर पुन्हा दुर्बीण, मग जास्त कडक औषधं, त्यांनी हाडं ठिसूळ होतात. घरी आल्यावर तुमच्या बाबांचा फोन आला आणि तेही फार प्रेमाने म्हणाले, "आई, एखादं बिस्किट वगैरे जातं का गं तोंडात?" मी फोन ठेवला. पोटचा मुलगा. ज्याला मी खरं बोलायला शिकवलं, त्याला आता माझंच खरं वाटत नव्हतं.

मग उरला देव. आपल्या देवघरात माझ्या आईने लग्नात दिलेली पितळेची अन्नपूर्णा आहे, वाटीभर तांदळात बसवलेली. त्या संध्याकाळी मी तिच्यापुढे बसले आणि मनात येईल ते बोलले, निम्मं इंग्रजीत, कारण राग आला की मला इंग्रजी येतं. म्हटलं, अन्नाची देवी म्हणवतेस आणि अन्नानेच मला मारतेस. मला जेवढं कळतं तेवढं सगळं मी केलं. कुठे चुकतं ते मला दिसत नाही. आता तू शोध, मी थकले. ही प्रार्थना नव्हती. आजोबा मागे उभे होते. हात जोडून आत गेले.

चार-पाच दिवसांनी, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, मी तांदळाचा डबा घेऊन चक्कीवर गेले. दळण मी स्वतः नेत असे, दुसऱ्या कोणाच्या हातावर माझा भरवसा नव्हता. चक्कीवाल्याने पाटी लावली होती की दुपारनंतर चक्की धुऊन फक्त उपवासाचं दळण, म्हणून मी मुद्दाम सकाळीच गेले. आपल्या अर्धपोटी राहण्याला देव भुलतो आणि चक्कीचा दगड धुतल्याने पुण्य लागतं, या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आले. वर्गातही हसले आहे, हे कबूल करते. चक्कीवर कोणाचा तरी गहू पडत होता. तो संपत आला तशी चक्कीवाल्याने माझ्या डब्याकडे हात केला. तेवढ्यात मागून एक म्हातारी पुढे आली. दिघोरीची होती, लेकीकडे आलेली, नवरात्राला घरी निघालेली. नऊवारी, ओठात तंबाखू, हातात भगरीची पिशवी. तिला परत एसटी धरायची होती, आणि चक्कीवाल्याला वाटलं की हिची एवढीशी भगर आधी काढून टाकावी. त्याने पिशवी घेतली.

म्हातारीने त्याचं मनगट धरलं. "काहून भाऊ, गव्हावर टाकून राहिला का? माह्या उपासाचं काय?"

तो म्हणाला, "गहू संपला माय. उरला असन कणभर. तेवढ्यानं काय होते?"

"कणभर म्हणजे काय असते? मोडला तर मोडला उपास. तो का अर्धा मोडते?"

मी तिथेच उभी होते, डबा कमरेला लावून. बाळांनो, त्या क्षणी काही उजेड वगैरे पडला नाही. मला घाम फुटला. सहा महिने दर आठवड्याला मी ह्याच चक्कीत, गव्हाच्या मागोमाग, माझे तांदूळ आणि माझी चण्याची डाळ दळून नेत होते. त्या दगडांतलं, त्या कापडी नळीतलं गव्हाचं पीठ माझ्या डब्यात पडत होतं आणि मी घरी त्यावर नाव चिकटवत होते. साऱ्या गावाशी कणभरावरून भांडणारी मी तो कण स्वतःच्या हाताने घरी आणत होते. इतका राग मला कोणाचाच आला नव्हता, जितका तेव्हा माझा आला.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. "तुले काय झालं व बाई? पांढरीफटक पडली." मी तिला चार वाक्यांत सांगितलं. ती जराही चकित झाली नाही. म्हणाली, "म्हणजे तुहा जलमभराचा गव्हाचा उपास." मग चक्कीवाल्याला म्हणाली की चक्की साफ केल्यावर हिचं दळण टाक. तो हात जोडू लागला. उपवासाला तांदूळ चालत नाही, मध्ये तांदूळ टाकला तर बाया त्याला मारतील. ते खरंच होतं. म्हातारीने क्षणभर विचार केला.

"मंग आमच्या मांगून टाकजो. आमचं सरलं का हिचं, मंग तुहा गहू."

चक्कीवाल्याने चक्की खोलली, दगड ब्रशने घासले, नळी बदलली, पहिल्या दोन मुठी भगर दळून गायीपुढे टाकली. नंतर बाया येत गेल्या. राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, भगर. मला नेहमी पहिला नंबर लागतो हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत सगळ्यात शेवटी थांबले, प्रत्येक येणारीला पुढे जाऊ देत. म्हातारी केव्हाच तिच्या एसटीला गेली होती. मी तिचं नाव विचारलं नाही. नंतर तिच्या लेकीचं घरही शोधलं नाही. का ते मला सांगता येत नाही.

तेव्हापासून दर एकादशीच्या आदल्या दिवशी, धुतलेल्या चक्कीवर, उपवासाच्या दळणामागून माझं दळण शेवटचं असतं. तीन महिन्यांत शौचाला बांधून होऊ लागलं, पायांतले गोळे गेले, वजन दोन किलो वाढलं. रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर खूश झाला आणि म्हणाला, "बघा आजी, लपून खाणं बंद केलं की नाही?"

मी त्याला चक्कीची सगळी हकिकत सांगू लागले. तो मान हलवत होता आणि पुढच्या पेशंटला हाताने आत बोलावत होता. परतीच्या एसटीत मी पवनीपर्यंत धुमसत होते. आजोबा म्हणाले, आतडं बरं झालं असं त्याने सहीनिशी लिहून दिलंय, आणखी काय हवं? मी म्हटलं, माझी माफी मागायला हवी होती. ते खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाले, "ती तू देवीजवळ कुठे मागितली होतीस?"

खरंच, मी चूक कुठे आहे एवढंच विचारलं होतं. तेवढं तिने दाखवलं, आणि ज्या गोष्टीला मी हसत आले तिच्याच हातून दाखवलं. माझ्यावर कोण विश्वास ठेवेल हे तिच्यावर सोपवलेलं नव्हतं, ते अजूनही मीच उराशी धरून बसले होते. डॉक्टरला लिहायचं म्हणून मनात जुळवलेलं पत्र मी तिथेच सोडून दिलं. राग पूर्ण गेला असं खोटं सांगणार नाही. तो असला तरी हात जोडता येतात, एवढं मला या वयात कळलं, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. दुसऱ्या दिवशी दशमी होती. मी तांदूळ निवडले, चक्कीवर गेले आणि भगरीच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बायांच्या मागे जाऊन उभी राहिले.