कानात स्वच्छ ऐकू येत होतं

झोम्बा गावात सादझीच्या टेकडीच्या उतारावर ‘वायसन लिकोंग्वेचं घर कुठलं’ असं विचारलं, तर लोक विचारात पडायचे. ‘खरखर काढणारा वायसन’ म्हटलं, की पाण्याला निघालेली बाईसुद्धा डोक्यावरची बादली न हलवता हनुवटीनेच वाट दाखवायची.

तरुणपणी तो बाजारात बसून रेडिओ दुरुस्त करायचा. पुढे रेडिओ फोनमध्ये शिरला आणि दुरुस्तीला कोणी येईना. तेव्हा त्याने घराची मागची खोली रिकामी केली, भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकले, त्यावर बायकोची जुनी लुगडीवजा चितेंजे कापडं दुहेरी करून टांगली आणि आवाज धरायचं काम सुरू केलं. एक माइक, एक जुना लॅपटॉप, आणि दोघांच्या मध्ये यूएसबीच्या केबलने जोडलेली एक लाल पेटी. माइकमधला आवाज त्या पेटीतून लॅपटॉपमध्ये जायचा. चर्चचे गायकवृंद यायचे, दुकानाची जाहिरात करून घेणारे यायचे, मयताची खबर रेडिओला पाठवणारेही यायचे.

कुठलाही नको असलेला आवाज त्याला सहन होत नसे. हेडफोनमध्ये बारीक शिटी आली, की तो सगळ्यांना गप्प बसवून एकेक गोष्ट काढून बघायचा. आधी केबल बदलायची, मग ती लॅपटॉपात खुपसायचं भोक बदलायचं, मग फ्रिज बंद, मग बल्ब. “एका वेळी एकच हलवायचं,” तो म्हणायचा. “दोन हलवली की चोर सापडत नाही.” आणि दुसरा नियम, की गाणं झालं की गाणाऱ्याला उठू द्यायच्या आधी निदान थोडं तरी वाजवून ऐकायचं.

गायकवृंदाचे मास्तर मातेंबा म्हणायचे, “याच्या खोलीत पोटात कावळे ओरडले तरी परत गावं लागतं.”

वायसनची बायको एस्तेरे त्याच गायकवृंदात खालच्या सुरात गायची. असा सूर की एकटा ऐकला तर कोणी मान वळवणार नाही, पण तो नसला तर बाकीच्यांचं गाणं पाय नसलेल्या खाटेसारखं व्हावं. वायसनने इतकी वर्षं लोकांचे आवाज धरले, बायकोचा एकटीचा कधी धरला नव्हता. घरचाच होता, रोजचाच होता. सकाळी मोहरीचा पाला निवडताना ती गायची आणि तो आतून ओरडायचा, “तदालाची आई, जरा थांब, माइक चालू आहे.”

मे महिन्यात तिला गिळताना दुखायला लागलं. जूनमध्ये ब्लँटायरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की घशात खोल गाठ आहे. आवाजाला अजून धक्का लागलेला नाही, पण गाठ काढायची तर आवाजाची पेटीही काढावी लागेल. मानेला भोक ठेवतील, श्वास तिथून चालेल. बोलणं, गाणं संपलं. नाही काढली तर वर्ष काढणंही कठीण.

घरी येताना मिनीबस थोंडवेपाशी थांबली. बाहेरून कोणी भाजलेली कणसं खिडकीत धरली, तेव्हा ती म्हणाली, “दोन घ्या. आता चावतेय तोवर चावते.”

ऑपरेशनला आठ दिवस होते. वायसननेच विषय काढला. “तुझी गाणी धरून ठेवू. तुला आवडतील ती.”

“माझी कसली गाणी? मी काय एकटी गाणारी आहे?”

“आहेस. मला माहीत आहे.”

तिने चार निवडली. दोन चर्चची, एक लेकीला, तदालाला, निजवताना म्हणायची ते, आणि एक तिच्या आईचं, उखळात मका कांडतानाचं. त्यात शब्द थोडे आणि दम फार.

मंगळवारी सकाळी दोघं मागच्या खोलीत बसली. बाहेर जून-जुलैतल्या थंडीची बारीक भुरभुर होती. एस्तेरेची थोरली बहीण फालेसी चूल सांभाळायला आली होती. ती आणि वायसन एकमेकांची अलामू लागत, म्हणजे एकमेकांची खेचायचा दोघांना जन्मसिद्ध हक्क.

पहिला अडथळा आला तो एस्तेरेच्या कानात. हेडफोन लावून दोन ओळी गायली आणि थांबली. “माझा आवाज माझ्या मागून चालत येतोय. कोणीतरी चिडवल्यासारखा.”

आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन परत यायला किंचित उशीर लागायचा, त्याचं हे. वायसनने पेटीवरची चकती पार एका बाजूला फिरवली. आता माइकचा आवाज लॅपटॉपकडे न वळता पेटीतूनच सरळ दोघांच्या हेडफोनमध्ये येऊ लागला.

“आता?”

“आता मीच आहे,” ती म्हणाली.

दुसरा अडथळा त्याच्या कानात. बारीक शिटी, डासासारखी, तिच्या खालच्या सुराच्या बरोबर वर बसलेली. दुसऱ्या कोणाचं गाणं असतं तर त्याने सोडून दिलं असतं. पण हिच्या आवाजावर डास बसलेला त्याला चालणार नव्हता. केबल बदलली. भोक बदललं. फ्रिज बंद केला, तर फालेसी दारातून म्हणाली, “अलामू, मासे नासले तर तुम्हालाच घालीन.” शेवटी त्याने लॅपटॉपचा चार्जर उपसला. शिटी गेली. इतकी शांतता झाली, की एस्तेरेच्या कापडाची घडी हललेली ऐकू यायला लागली.

“चोर सापडला,” तो म्हणाला. लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती. तासभर सहज चालली असती.

एस्तेरे गायली. चारही गाणी, एकापाठोपाठ एक. डोळे मिटलेले, हात मांडीवर. आईच्या गाण्यात मध्येच ती थांबली, ओठ चावले, आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा उचललं. वायसनच्या कानात सगळं स्वच्छ होतं. श्वास, जिभेचा ओला आवाज, सूर खाली उतरताना येणारा तो थोडासा घोगरेपणा. त्याने जन्मात इतकं चांगलं काही धरलं नव्हतं. तो पडद्याकडे न बघता तिच्याकडेच बघत बसला.

गाणी झाल्यावर त्याचा हात सवयीने वाजवून बघायच्या बटणाकडे गेला. तिने त्याचं मनगट धरलं.

“आत्ता नको. आत्ता ऐकलं तर मी त्या बसमध्ये चढणार नाही. परत आल्यावर ऐकू.”

त्याने फाइल जतन केली आणि झाकण मिटलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टर तसं म्हणाले आणि ते खरंही होतं. एस्तेरे नाकात नळी, गळ्याला पट्टी अशी पडून असायची आणि वायसन उशाशी. दहाव्या दिवशी फालेसीला तिच्यापाशी ठेवून तो कपडे न्यायला घरी आला. दुपारची वेळ होती. चितेंजे, साबण, उशी असं पिशवीत भरलं, आणि निघण्यापूर्वी थोडं ऐकून जावं म्हणून खोलीत बसला.

पहिल्या ओळीतच ‘टक्’ असा आवाज झाला आणि एक शब्द गेला. त्याला वाटलं हेडफोनची वायर. ती हलवली. पुन्हा ‘टक्’. मग दोन सेकंद बरे, मग तीन ‘टक्’ एकामागून एक, आणि मध्ये तिचा सूर चिरलेल्या कापडासारखा. त्याने दुसरं गाणं लावलं. तिसरं. आईच्या गाण्यात तर अर्ध्याहून जास्त जागा अशा, की आवाज आहे म्हणावं तर नाही आणि नाही म्हणावं तर कुठूनतरी तुकडा येतोय.

त्या दिवशीची शेवटची ब्लँटायरची गाडी चुकेपर्यंत तो तिथेच बसून होता.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी त्याने एक प्रयोग करून बघितला. चार्जर लावून माइकसमोर शंभरपर्यंत आकडे म्हटले. शिटी होती, पण आकडे शंभरच्या शंभर. चार्जर काढून म्हटले. शिटी नाही, आणि आकडे गळालेले. बॅटरीवर आला, की म्हातारा लॅपटॉप वीज वाचवायला स्वतःलाच मंद करायचा आणि पेटीकडून येणारा आवाज पुरता उचलून घेऊ शकत नसे. आणि हेडफोनमध्ये मात्र ती चकती फिरवलेली. तो ऐकत होता तो माइक. लॅपटॉपात काय पडतंय ते त्याने ऐकलंच नव्हतं. एका वेळी एकच हलवायचं म्हणणाऱ्याने त्या सकाळी दोन हलवली होती, चकती आणि चार्जर, आणि दोन्ही तिच्या गाण्याखातर.

एस्तेरे घरी आली तेव्हा नळी निघालेली होती. पातळ पेज घोट घोट घ्यायची. शाळकरी वही आणि पेन गळ्यातल्या दोरीला बांधलेलं. जे हवं ते त्यात लिहायची. गाण्यांचं तिने काही लिहिलं नाही आणि त्यानेही काढलं नाही. ती झोपली, की तो खोलीत जाऊन तुकडे जोडत बसे. टक् काढता येत होतं. त्याच्यासोबत गेलेलं अक्षर आणता येत नव्हतं. चर्चच्या गाण्यात एकच ओळ दोनदा यायची, तिथे एकीतला शब्द दुसरीत बसवून पाहिला. ऐकताना ते एस्तेरेचं वाटेना, एस्तेरेची नक्कल करणाऱ्या कोणा बाईचं वाटे.

तिसऱ्या आठवड्यात तदालाचा फोन आला. ती लिलोंग्वेला नर्स होती. वायसन अंगणात जाऊन बोलला.

“बाबा, आईची गाणी पाठवा ना माझ्या फोनवर. किती दिवस म्हणताय पाठवतो.”

“पाठवण्यासारखी नाहीत, बाळा.”

“म्हणजे?”

“गेली. मी बरोबर धरली नाहीत. माझ्याकडून गेली.”

मग तदाला म्हणाली, “आईला माहीत आहे?”

“नाही अजून,” असं म्हणत तो वळला, तर एस्तेरे पाल्याची टोपली घेऊन दारात उभी होती. तिने टोपली उंबऱ्यावर ठेवली आणि आत गेली.

त्यानंतर अकरा दिवस तिने वही उघडली नाही. पेज पुढे ठेवली तर प्यायची, पाणी हवं असलं तर स्वतः उठून घ्यायची. दुसरी बायको भांडून मोकळी झाली असती. हिच्यापाशी वही मिटून ठेवण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. भांडायचं काम फालेसीने केलं.

“आख्ख्या झोम्ब्याची खरखर काढलीत अलामू, आणि घरच्या बाईच्या वेळेला कान कुठे ठेवला होतात?”

वायसन म्हणाला, “तिच्यापाशीच होता.”

फालेसीने कमरेचं चितेंजे आवळलं आणि ती चुलीकडे वळली.

बाराव्या दिवशी सकाळी एस्तेरे खोलीत आली, खुर्ची ओढून बसली आणि हेडफोनकडे बोट केलं. “नको,” तो म्हणाला. तिने बोट खाली घेतलं नाही. त्याने चारही गाणी लावली, जोडलेली नाहीत, जशी पडली होती तशी. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. दर ‘टक्’ला तिची पापणी लवत होती. संपल्यावर हेडफोन काढून तिने वही उघडली. लिहिलं, “मला वाटायचं माझा आवाज याहून चांगला होता.”

“होता,” वायसन म्हणाला. “यात तो आलेलाच नाही. मी ऐकला ना, त्या दिवशी. पुरा ऐकला.”

तिने लिहिलं, “तुम्ही एकट्यानेच.”

तिने ते पान फाडलं, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि विचारलं ते वेगळंच, नव्या पानावर. “दुपारी उसिपा आणता का? काटे काढून पेजेत कालवून देऊन बघा. चव विसरायला लागलेय.”

त्याने बाजारातून मासळी आणली आणि तासभर बसून काटे काढले. त्या दिवसापासून वही पुन्हा चालू झाली. सगळं पूर्ववत झालं असं नाही, पण घरात दोघं होती.

ऑगस्टअखेर मातेंबा मास्तर गायकवृंद घेऊन आले. येऊ का म्हणून आधी तीनदा निरोप पाठवला होता. एस्तेरेने प्रत्येक वेळी ‘या’ असंच लिहून दिलं. तिच्या जागी उलेमु नावाची नवी मुलगी होती. सूर बरा, पण दम भलत्या ठिकाणी घ्यायची. दोनदा गाणं अडलं. तिसऱ्यांदा एस्तेरे चहाची किटली खाली ठेवून तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. उलेमुच्या मनगटावर बोट ठेवलं. जिथे श्वास घ्यायचा तिथे बोट दाबलं, जिथे धरायचा तिथे नाही. गाणं शेवटपर्यंत गेलं. वायसनने कोणाला उठू दिलं नाही, चकती लॅपटॉपकडे फिरवून सगळं दोनदा वाजवून ऐकलं. एकही अक्षर गळालेलं नव्हतं. मास्तरांनी मान हलवली. कोणी टाळी वाजवली नाही.

मंडळी चहा पीत असताना त्याच्या लक्षात आलं, की एस्तेरे दिसत नाही. घर शांत होतं. स्वयंपाकघरातून काही आवाज नव्हता, परसातूनही नव्हता, म्हणून त्याला वाटलं आडवी झाली असेल. तरी उठून मागे गेला. ती मोहरीच्या वाफ्याशी उकिडवी बसली होती, पाठ घराकडे, आणि खांदे गदगदा हलत होते. जवळ जाऊन पोचेपर्यंत त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं. अगदी शेजारी बसल्यावर मानेच्या भोकातून वारा आत-बाहेर होताना तेवढा ऐकू आला.

तो बसला. तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं नाही आणि त्याला जा असंही खुणावलं नाही. मंडळी आपापली निघून गेली. मास्तर जाताना परसाच्या कोपऱ्यापर्यंत आले, बघितलं आणि पाय न वाजवता परत फिरले.

अजूनही वायसन त्याच खोलीत काम करतो. फक्त मधूनमधून, गाणं रंगात आलेलं असलं तरी, हेडफोन काढून ठेवतो, “जरा थांबा” म्हणतो आणि मागच्या दारापर्यंत जाऊन एस्तेरे कुठे आहे ते बघून येतो. गाणाऱ्यांना आता त्याची सवय झाली आहे. ते थांबतात.